अण्णांच्या रेडिओमागचं भोक

मी एक भोक बोलतोय. हसू नका. झाड बोलतं, खुर्ची बोलते, फाटकी छत्रीसुद्धा आपली कर्मकहाणी सांगते आणि तुम्ही मान डोलवत ऐकून घेता. मग मीच तुमचं काय घोडं मारलंय?

भोक म्हणजे नेमकं काय, हे मलाही धड सांगता येत नाही. वीट असते, सिमेंट असतं, रंग असतो. हे सगळं जिथे नसतं तिथे मी असतो. पण माझ्या या नसण्यापायी तीन दिवस एका घराची तहानभूक हरपली, एका कसलेल्या मिस्त्रींचं नाव जायची वेळ आली आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना एकाच पायात मोजा घालून पाहुण्यांसमोर बसावं लागलं. एवढा उद्योग एखाद्या असलेल्या वस्तूने तरी केलाय का, ते तुम्हीच सांगा.

मला तोंडं दोन. एक आत, हॉलमध्ये, रेडिओच्या मागे. दुसरं बाहेर, गच्चीचं पाणी उतरवणाऱ्या पाइपाच्या आड. त्यामुळे घरातलं आणि घराबाहेरचं मला एकाच वेळी कळतं. माझ्या जन्माआधीचं मात्र मला शेजारच्या काचलोकरीने सांगितलं. ही भिंतीच्या पोटात भरलेली पिवळी लोकर. थंडीत ऊब आत राखते, उन्हाळ्यात ऊन बाहेर अडवते. बोलकी आहे बिचारी, पण जवळ जाईल त्याला खाज सुटते, म्हणून तिचं ऐकायला कुणी थांबत नाही. मला कुठे जायचंच नव्हतं, तेव्हा मी सगळं ऐकलं.

तर त्या सुमारास नव्या घरांसाठी नवे नियम आले होते. घर गरम ठेवायला किंवा गार ठेवायला वीज कमी लागावी, म्हणून भिंत अमुक जाडीची, खिडकीला काचा तीन, छताखाली हातभर लोकर. सगळ्यात कडक नियम हवेचा. घरात हवा यायची ती यंत्रातून गाळून आणि मोजून यायची, फटीबिटीतून चोरून यायची नाही.

घर बांधत होती ताई. ती शाळेत गणित शिकवते. नियमांचं पुस्तक वाचताना तिच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते इतरांच्या तोंडावर जेवणानंतर दिसतं. तिचा नवरा स्वभावाने 'तू म्हणशील तसं' या जातीचा, त्यामुळे माझ्या गोष्टीत तो फारसा येत नाही. ताईने अकरा कलमांची एक यादी करून हॉलच्या भिंतीला चिकटवली होती. चौथं कलम असं होतं: 'बाहेरच्या भिंतींना खिळा, स्क्रू, भोक, काहीही नाही.' बघा, मी जन्माला यायच्या आधीच माझं नाव भिंतीवर लागलं होतं. किती जणांच्या नशिबी असा मान येतो?

काम करत होते मिस्त्री. वय साठ, पैकी चाळीस वर्षं थापी हातात. सुरुवातीला या नियमांवर त्यांचा भारी राग. "माणसाला श्वास लागतो तसा घराला नको? डबा बांधताय का घर?" असं ते भेटेल त्याला विचारायचे. पण नवा नियम असा होता की घर हवाबंद करायचं काम शिकलेल्या मिस्त्रीनेच करायचं. तेव्हा हे आपले चष्मा पुसत वर्गात जाऊन बसले. आजूबाजूला सगळे त्यांच्या मुलांच्या वयाचे. पंधरा दिवस वहीत लिहून घेतलं, परीक्षा दिली आणि पहिले आले. शिक्का मारलेलं ओळखपत्र मिळालं. त्या दिवसापासून मिस्त्री पार बदलले. ज्या फटीकडे चाळीस वर्षं ढुंकून बघितलं नव्हतं, तिच्यासमोर गुडघे टेकून ते अर्धा अर्धा तास टेप लावू लागले. टेप लावून झाला की हाताची पाठ ओली करायची आणि सांध्याजवळून हळूहळू फिरवायची. गार लागलं की समजायचं, हवा येते. "यंत्र नंतर सांगतं, हात आधी सांगतो," असं ते म्हणत. हे त्यांचं नव्या पद्धतीचं पहिलं घर होतं.

आणि अण्णा. ताईचे वडील. चाळीस वर्षं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं, तीन वर्षांपूर्वी बायको गेली, आणि आता ते लेकीकडे राहायला येणार होते.

इथे एक प्रसंग सांगितल्याशिवाय माझा जन्म कळायचा नाही. भिंती उभ्या राहण्यापूर्वी ताईने सगळ्यांना रिकाम्या जागेवर आणलं. हातात नकाशा, कानावर पेन्सिल. नवऱ्याला विचारलं, मिस्त्रींना विचारलं, कुणाला कुठे काय हवंय, दिवा कुठे, बटण कुठे. मग वडिलांना विचारलं, "अण्णा, तुम्हाला काय हवंय?"

अण्णा म्हणाले, "मला काय लागतं? एक खुर्ची पुरे."

ताईने लिहून घेतलं: अण्णा, एक खुर्ची. माणसांची ही सवय मला अजून कळलेली नाही. विचारलं की काही नको म्हणतात, आणि मग हवं असलेलं मनात धरून बसतात.

घर बांधून अर्धं झालं तेव्हा पहिली हवाचाचणी झाली. ती अशी असते. तपासनीस बाई येतात, पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवतात. त्या कापडात एक पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, मग बाहेरची हवा वाट सापडेल तिथून आत घुसते. किती घुसली ते यंत्र मोजतं. तासाभरात घरातली सगळी हवा एकदा बदलली तर चालतं, त्याहून जास्त बदलली तर घर नापास. म्हणजे आकडा एकच्या वर जाता कामा नये.

त्या दिवशी आकडा आला पॉइंट नऊ. मिस्त्रींनी पेन्सिलने दाराच्या चौकटीवर तो लिहिला आणि भोवती गोल काढला. रंगारी त्यावर रंग द्यायला लागला तर मिस्त्री म्हणाले, "तेवढं सोडून रंगव." अजूनही तेवढं सोडलेलंच आहे.

मग आतलं काम पुरं झालं, रंग लागला, आणि एके सकाळी अण्णा आपला रेडिओ पिशवीत घालून घर बघायला आले. लाकडी पेटीचा, पुढे पितळी बटणं असलेला जुना रेडिओ. कोपऱ्यातल्या मेजावर ठेवला, बटण फिरवलं. खर्रर्र. दुसरीकडे फिरवलं. खर्रर्र. तासभर फिरवत होते.

कारण साधं होतं. भिंतीच्या आत ऊब परतवणारा चांदीसारखा कागद, खिडक्यांच्या काचांवर न दिसणारा लेप. बाहेरचं ऊन अडवता अडवता या दोघांनी रेडिओचा आवाजही अडवला होता.

ताई म्हणाली, "मोबाइलवर ऐका ना अण्णा. सगळी स्टेशनं मिळतात."

"ऐकेन की," अण्णा म्हणाले.

ऐकणार नव्हते. रोज सकाळी सात वाजता एका दूरच्या स्टेशनवर एक बाई हवामान सांगते. कुठे ढग, कुठे वारा, समुद्र कसा आहे. अण्णांना समुद्राशी काही देणंघेणं नाही. पण जुन्या घरात सात वाजले की स्वयंपाकघरातून त्यांची बायको विचारायची, "अहो, काय म्हणतेय ती? धुणं बाहेर घालू का आत?" आणि अण्णा सांगायचे. अंगणात रेडिओची तार ताणलेली होती. बायको कपडे त्याच तारेवर घालायची, मग स्टेशन सरकायचं, मग दोघांचं भांडण व्हायचं. असा सत्तेचाळीस वर्षं संसार झाला. आता धुणं घालणारी नव्हती, पण सातची बातमी अण्णांनी एक दिवस चुकवली नव्हती. हे त्यांनी लेकीला सांगितलं नाही. सांगून रडायला आलं असतं, आणि लेकीसमोर रडायची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून एका दुपारी, घरात कुणी नसताना, अण्णा पिशवीत ड्रिल घेऊन आले. सोबत ती जुनी तार. तारेच्या दोन्ही टोकांना, तार खांबाला टेकू नये म्हणून, चिनीमातीचा एकेक पांढरा गोळा, लिंबाएवढा.

रेडिओच्या पोटात केसाएवढी तार जोडणारा हा माणूस, पण भिंतीला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. ड्रिल सुरू झालं. आधी आतला पत्रा फाटला, नाही, पत्रा नव्हे, तो चांदीचा कागद. मग मिस्त्रींनी जिवापाड जपलेला हवाबंद पडदा. मग लोकर, मग वीट. शेवटी बाहेरचा उजेड दिसला, आणि मी जन्मलो. तेव्हा मी बोटाएवढा होतो, नीटस, सुबक. तिथेच थांबले असते तर कुणाला कळलंही नसतं.

पण गोळा माझ्यातून जाईना. अण्णांनी वळवून बघितला, ढकलून बघितला. तारेची गाठ सोडून गोळा वेगळा केला असता तर काम पाच मिनिटांत झालं असतं. गाठीला हात लावला, आणि मागे घेतला. ती गाठ मारताना तारेचं दुसरं टोक बायकोने धरलं होतं. मग त्यांनी छिन्नी काढली आणि गाठ वाचवायला मला मोठं केलं. तासाभरात मी बोटाचा अंड्याएवढा झालो, कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला ओठ सुटलेला. रूप गेलं ते गेलंच.

लोकरीचे झुबके बाहेर आले होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून अण्णांनी खिशात भरले, आणि रात्रभर अंग खाजवत बसले. ताईने डॉक्टरांकडून मलम आणलं.

तार बाहेर काढून त्यांनी कुंपणाच्या खांबाला ताणून बांधली. रेडिओ लावला आणि त्या बाईचं स्टेशन स्वच्छ लागलं. अण्णा खुर्चीत बसून राहिले. मला वाटतं, कुठल्याही भोकाकडे एवढ्या कौतुकाने आजवर कुणी बघितलं नसेल. मग त्यांनी मेज सरकवून रेडिओ माझ्या पुढ्यात ठेवला आणि मी झाकला गेलो.

दुसऱ्या दिवशी ताईने अंगणातली तार पाहिली. "अण्णांनी धुण्याला तार बांधलीय बघ," ती नवऱ्याला म्हणाली. "कधी नव्हे ते घरात लक्ष घालतायत." मी ऐकून गप्प राहिलो. भोकाला गप्प राहणं सोपं असतं, वारा नसला तर.

बुधवारी शेवटची चाचणी होती. ती पास झाली की राहायला जायचा दाखला, आणि रविवारी सामान येणार. चाचणीच्या सकाळी अण्णा सगळ्यांच्या आधी हजर. मी हवा सोडणार हे त्यांना एव्हाना समजलं होतं. कारण पंख्याची कहाणी मिस्त्रींनी त्यांना दहा वेळा ऐकवली होती. बोळा करायला त्यांनी खिसे चाचपले, काही सापडलं नाही. दारात गाडी थांबल्याचा आवाज आला. अण्णांनी झटकन डाव्या पायातला मोजा काढला, गुंडाळला आणि माझ्या तोंडात कोंबला.

आयुष्यात मी बरंच सोसलंय, पण त्या मोज्याबद्दल मी बोलणार नाही.

तपासनीस बाई आत आल्या. बारीक अंगाच्या, बोलायला कमी. लाल कापड ताणलं, पंखा बसवला, कळ दाबली. पंखा घूंऽऽ करून फिरू लागला आणि बाहेरची हवा माझ्या पाठीवर येऊन आदळली. मोजा थोडा सरकला. अजून थोडा सरकला. आणि फट् करून हॉलमध्ये उडून रेडिओमागे पडला. त्या क्षणी माझ्यातून शीळ सुटली. खोटं कशाला बोलू, सुरात होती.

अण्णांना खोकला आला. असा खोकला त्या घराने ऐकला नव्हता. शीळ चढली की खोकला चढायचा. खोकून दम लागला तेव्हा अण्णा एक जुनं गाणं म्हणू लागले, तेही मोठ्याने.

"आजोबा, बरं वाटत नाही का?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"उत्तम आहे," अण्णा म्हणाले, "घर बघून आनंद झाला."

बाईंनी त्यांच्या पायांकडे बघितलं. "एका पायात मोजा नाही तुमच्या."

"एकाच पायाला उकडतं."

ताईने वडिलांकडे काळजीने बघितलं. मलम चालू असताना हे नवीन दुखणं कुठलं, असा तिचा चेहरा झाला.

आकडा आला एक पॉइंट एक.

पंखा बंद झाला. मिस्त्री यंत्राजवळ जाऊन चष्मा लावून, मग काढून, मग पुन्हा लावून आकडा बघत राहिले. "मागच्या वेळी पॉइंट नऊ होता," ते म्हणाले. "चौकटीवर लिहिलाय."

"तो मी वाचलाय," तपासनीस बाई म्हणाल्या. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. "मिस्त्री, शनिवारी परत बघू. पंखा तुमच्याकडे ठेवून जाते, शोधा कुठे आहे ते. पण पुन्हा नापास झालं तर घराला दाखला नाही, आणि तुमचं ओळखपत्र मला परत घ्यावं लागेल. नियम आहे."

मिस्त्रींनी खिशावरून हात फिरवला. ओळखपत्र तिथेच होतं.

गुरुवारी सकाळी पंखा लावून मिस्त्री शोधाला लागले. हात ओला करायचा, भिंतीजवळून फिरवायचा. स्वयंपाकघर झालं, न्हाणीघर झालं, जिन्याखालची अडगळ झाली. अण्णा डबा घेऊन सकाळपासून येऊन बसलेले. कुठे? माझ्यासमोर. खुर्ची रेडिओला टेकवून. मोजा पुन्हा माझ्या तोंडात, मोज्यावर रेडिओ, रेडिओला उशी, उशीला अण्णांची पाठ.

मिस्त्री हॉलमध्ये आले. भिंतीवरून हात फिरवत फिरवत खुर्चीपर्यंत पोचले. "अण्णा, जरा उठता का?"

"गुडघे धरलेत हो. उठवत नाही."

"बसा, बसा," मिस्त्री म्हणाले आणि खुर्चीच्या पलीकडून पुढे गेले. वडीलधाऱ्या माणसाला उठवायचं कसं? चार भिंती, तीन दारं, सात खिडक्या, प्रत्येक इंचावरून त्या माणसाने हात फिरवला. फक्त एक जागा राहिली, आणि ती आदरापोटी राहिली.

संध्याकाळी ताई शाळेतून आली. "मिस्त्री, टेप कुठेतरी सुटला असेल का?" एवढंच तिने विचारलं. आवाज चढवला नाही. पण मिस्त्रींना ते लागलं. "माझा टेप सुटत नाही, ताई," ते म्हणाले, आणि पुढे हळूच, "सुटला असेल तर मलाच शिकता आलं नसेल."

अण्णा तेव्हा डब्याचं झाकण लावत होते. ते बराच वेळ लागेना.

शुक्रवारी मिस्त्रींनी मोठ्या खिडकीची आतली पट्टी उचकटली. तिच्याखाली त्यांचा टेप होता, सरळ, एक सुरकुती नाही. हा टेप लावायला त्यांना अख्खा दिवस लागला होता हे मला लोकरीने सांगितलंय. आता तो काढून खाली बघायचं त्यांनी ठरवलं होतं. एक खिडकी काढायची, मग दुसरी, मग तिसरी. नखाने टेपचं टोक उचललं. "पहिला आलो होतो वर्गात," ते कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाले. "पोरं टाळ्या वाजवत होती. म्हाताऱ्याला कळायला नको होतं का, की हे आपलं काम नव्हे?"

रेडिओला टेकलेली पाठ हलली. उशी खाली पडली.

"मिस्त्री, तो टेप तसाच राहू द्या," अण्णा म्हणाले. "इकडे या."

गुडघे धरलेला माणूस ताडकन उभा राहिला होता. त्यांनी रेडिओ बाजूला सरकवला आणि माझ्या तोंडातून मोजा काढला. पंखा चालूच होता. मी शीळ घातली. ती मलाच जरा जास्त वाटली.

मिस्त्री आले. वाकले. हात ओला करायची गरज नव्हती, तरी सवयीने केला आणि माझ्यासमोर धरला. मग खिशातून विजेरी काढून माझ्या आत बघितलं. मला वाटलं, आता हे ओरडणार. त्यांना राग आला होता, पण तो आधी कशाचा आला ते ऐका.

"भोक पाडायचं होतं तर सरळ तरी पाडायचं," ते म्हणाले. "ही काय पद्धत झाली? कडा बघा. उंदराने बरं पाडलं असतं."

मी कानकोंडा झालो.

"चूक झाली," अण्णा म्हणाले.

"दोन दिवस मी भिंती चाचपतोय, अण्णा."

"दोन दिवस मी बघतोय. उठायची हिंमत झाली नाही."

मिस्त्री खाली जमिनीवरच बसले. अण्णाही खुर्ची सोडून त्यांच्याशेजारी बसले, आणि जे लेकीला सांगितलं नव्हतं ते सगळं मिस्त्रींना सांगितलं. सातची बातमी, धुणं, तार, गाठ. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग माझ्यातली तार बोटाने जराशी ओढून बघितली.

"भिंत बांधायच्या आधी एक शब्द टाकला असता तर विटांतच नळी घातली असती," ते म्हणाले. "नियमात बसवून. भोकाला नियमाची बंदी नाही हो. हवेला आहे."

"विचारलं होतं मला. मी म्हणालो, एक खुर्ची पुरे."

"माझा बापही असाच होता," मिस्त्री म्हणाले आणि उठले.

मग त्यांनी माझं जे केलं ते मी विसरणार नाही. कडा घासून सारख्या केल्या. माझ्या मापाची एक नळी आणली, तिच्याभोवती सुकून कडक होणारा फेस भरला. तो फुगून माझ्या प्रत्येक कोपऱ्यात गेला. आतल्या बाजूने पडद्याला टेप, एक सुरकुती नाही. बाहेरच्या बाजूने रबराची टोपी. टोपीच्या मधून तार जाणार होती, पण दोन्ही टोकांना गोळे, आणि गोळ्यांना गाठी. मिस्त्रींनी गाठीकडे बघितलं, सुरी घेतली आणि रबराची टोपी एका बाजूने चिरून ती तारेवर बसवली. चीर पुन्हा चिकटवून टाकली. गाठीला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

शेवटची हवा माझ्यातून गेली तेव्हा ती शीळ नव्हती, नुसता उसासा होता. नंतर मी मुका झालो. भोक म्हणून मी त्या दिवशी संपलो म्हणायला हरकत नाही.

शनिवारी पंखा फिरला. मिस्त्री यंत्राकडे पाठ करून उभे होते. तपासनीस बाईंनी आकडा वाचला. "पॉइंट नऊ."

मिस्त्रींनी चौकटीवरच्या आपल्या अक्षराकडे बघितलं आणि रुमालाने चष्मा पुसायला घेतला.

"दोष कशात होता?" बाईंनी विचारलं. "अहवालात लिहावं लागतं."

"माझ्याकडून एक जागा राहून गेली होती," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, उगाच प्रयत्न करू नका," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "लिहा मॅडम. घरातल्या म्हाताऱ्याने रेडिओच्या तारेसाठी भिंत फोडली. मिस्त्रींचं काम पहिल्यापासून चोख होतं."

ताई आधी रेडिओकडे बघत राहिली, मग खिडकीतून अंगणातल्या तारेकडे, मग भिंतीवरच्या यादीतल्या चौथ्या कलमाकडे.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "काय हवंय म्हणून."

"विचारलं होतंस."

"मग?"

"मला काय लागतं, असं म्हणालो." अण्णांनी पायांकडे बघितलं. "ते खरं नव्हतं. मला सकाळी सातची बातमी लागते. तुझी आई विचारायची ना, धुणं बाहेर घालू का. ती विचारत नाही आता, पण मी ऐकून ठेवतो."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं तसं ते तिने दंडाला पुसलं. तपासनीस बाईंनी खाली मान घालून अहवालात लिहिलं: 'रेडिओची तार. आता बंदिस्त. काम उत्तम.' जाताना त्यांनी अण्णांच्या पायांकडे नजर टाकली. दोन्ही मोजे होते. "आज उकडत नाही वाटतं, आजोबा," त्या म्हणाल्या. अण्णांना खरोखरचा खोकला आला.

तर आता मी असा आहे. माझ्यातून वारा जात नाही, उजेड जात नाही, मुंगीसुद्धा जात नाही. पोटात फेस, फेसात नळी, नळीत तार. लोकर अजून बोलत असते, पण मला पूर्वीइतकं ऐकू येत नाही. माझं एक मागणं आहे तेवढं सांगतो. घर बांधणाऱ्यांनो, नियम जरूर पाळा, मला उगाच जन्माला घालू नका. आणि घरातल्या मोठ्या माणसांनो, काय हवंय म्हणून कुणी विचारलं तर सांगून टाका हो. तुमच्या 'मला काय लागतं'पायी माझ्यासारख्याला मोजे खावे लागतात.

सोमवारची गोष्ट. घरात राहायला येऊन एकच दिवस झाला होता. सात वाजले. अण्णांनी बटण फिरवलं आणि माझ्यातली तार बारीक थरथरली. ती बाई सांगू लागली, कुठे ढग, कुठे वारा, समुद्र कसा आहे.

स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "अण्णा, काय म्हणतेय ती? धुणं बाहेर घालू का आत?"

अण्णांनी रेडिओचा आवाज थोडा कमी केला. बाईचं बोलणं संपून गाणं सुरू झालं होतं.

"बाहेर घाल," ते शेवटी म्हणाले. "पाऊस नाही."

थोड्या वेळाने अंगणातली तार ओल्या चादरीच्या वजनाने वाकली, तो ओढा माझ्यापर्यंत आला, आणि रेडिओचं स्टेशन सरकलं. खर्रर्र. बटण फिरवायला अण्णांनी हात पुढे केला, पण फिरवलं नाही. खर्रर्र ऐकत तसेच बसून राहिले.